अठरा तारखेची ओळ

"हो, ती ओळ माझीच," सूनबाई म्हणाली, आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

ती माझ्याशी बोलत नव्हती. मी तिच्या खोलीच्या दाराबाहेर कप घेऊन उभा होतो आणि ती पडद्यावरच्या पाच-सहा चौकोनांतल्या माणसांशी बोलत होती. सकाळचे अकरा वाजले असतील. दार अर्धवट लोटलेलं. तिची पाठ, खुर्चीवर टाकलेली शाल आणि कानांवरून उतरवून मानेत अडकवलेले हेडफोनचे ते मोठे गोल एवढंच मला दिसत होतं. "चार वर्षांपूर्वी लिहिलेली," ती पुढे म्हणाली. "तेव्हा मला वाटलं होतं, त्या किल्लीची गरज पुन्हा पडणार नाही. तिथं चुकले." आता काहीतरी कोसळेल अशी माझी खात्री होती. पण पलीकडून एक पोरगेला आवाज फक्त "बरं. मग पुढे?" एवढंच म्हणाला, कुणीतरी खोकलं, आणि सूनबाई पुढे बोलू लागली. काय बोलली ते मला कळलं नाही. मी बशीतला चहा परत कपात ओतला, तसा तो देणं बरं दिसेना, म्हणून स्वयंपाकघरात परत आलो आणि उभ्याउभ्या स्वतःच पिऊन टाकला.

बहात्तर वर्षांच्या आयुष्यात हे वाक्य मी एकदाही बोललेलो नाही. मी फार वाचलं आहे, पुस्तकातल्या माणसांना असली वाक्यं बोलताना ऐकलं आहे. पण ती माणसं बोलण्यापूर्वी पान-दोन पानं तळमळतात, बोलल्यावर रडतात किंवा घर सोडून जातात. इथं एक पस्तिशीची बाई, सकाळच्या कामाच्या मधोमध, पेन कुणाचं असं विचारल्यावर 'माझं' म्हणावं तसं हे म्हणाली. आणि ते ऐकणारी माणसं पुढच्या मुद्द्यावर गेली. मला वाटलं, मी काहीतरी अद्भुत पाहिलं आहे आणि ते माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलेलं नाही. अर्थात मला असं नेहमीच वाटतं आणि पुष्कळदा ते चुकीचं असतं.

माझं सगळं आयुष्य एका छापखान्यात गेलं. आम्ही भरती-ओहोटीचे तक्ते छापायचो. किनाऱ्यावरच्या लहान-मोठ्या एकोणतीस बंदरांसाठी, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला पाणी किती वाजता चढणार, किती वाजता उतरणार, त्याचं निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक. आकडे कुठल्याशा कचेरीतून हाताने लिहून येत, जुळारी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवी, आणि कच्ची छापील पानं आमच्या टेबलावर येत. आमच्या म्हणजे दोघांच्या. एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने छापलेल्या ओळीवर पेन्सिल ठेवून ऐकायचं. जुळलं की ऐकणाऱ्याने "हं" म्हणायचं, न जुळलं की "थांब". नियम एकच होता, आणि मालकांनी तो पाटीवर रंगवून घेतला होता : वाचणारा आणि बघणारा एकच माणूस असता कामा नये. डोळा स्वतःला फसवतो. दुसऱ्याचा आवाज मात्र तो ऐकतो. माझ्यासमोर वाचायला बसायची ती आता माझी बायको आहे. तीन वर्षं ती मला आकडे वाचून दाखवत होती आणि मी "हं, हं" करत होतो. छापखान्यात मला गोगलगाय म्हणत. लग्नाचं विचारायलाही मला जमलं नाही. एका दुपारी तीच एकोणतिसावं बंदर संपवून म्हणाली, "एवढे हुंकार दिलेत, आता एक 'हो' द्या म्हणजे झालं." आमचं लग्न असं आकड्यांवर जमलं.

अडतीस वर्षांपूर्वी, चिरंजीव पोटात असताना, एक दिवस तिला बरं वाटेना. रजा संपलेल्या होत्या. तू जा, मी बघतो, असं मी म्हणालो आणि उरलेली चार पानं मीच वाचली आणि मीच बघितली, मनातल्या मनात तिच्या आवाजात. हजेरीत तिची वेळ पूर्ण लागली. पुस्तक छापून वाटलं गेलं. माझी प्रत मी घरी आणली आणि एका रविवारी, कौतुकाने, हो, कौतुकानेच, चाळत बसलो असताना तेविसाव्या बंदराचं पान उघडलं. आठव्या महिन्यातल्या अठरा तारखेची ओळ गळली होती. अठरासमोर एकोणीसचे आकडे, एकोणीससमोर विसाचे, असा एक अख्खा आठवडा एकेका दिवसाने वर सरकला होता. आणि पंचवीसचे आकडे दोनदा पडल्यामुळे ओळी बरोबर भरल्या होत्या. मोजून पाहिलं तरी चूक सापडू नये इतकी ती नीट बसली होती. भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते. म्हणजे त्या आठवड्यात आमचं पुस्तक सांगणार होतं त्याच्या पन्नास मिनिटं आधीच पाणी चढून उतरायला लागणार होतं.

आठवा महिना यायला सात महिने होते. एक चिटोरं छापायचं, सगळ्या बंदरांना पाठवायचं, पानावर डकवायचं, एवढंच काम. मी ते केलं नाही. मालकांच्या दारापर्यंत मी किती वेळा गेलो ते मोजायला नको. मी काय केलं, तर कचेरीतून आलेला त्या पानाचा मूळ कागद गठ्ठ्यातून काढला आणि घडी घालून घरी आणला, म्हणजे कुणी ताडून पाहू नये. लिहितानाही मान खाली जाते. आठव्या महिन्यात, वीस तारखेला, मी बायकोला कामावर जातो असं सांगून बसने त्या बंदरावर गेलो. तिथं एक म्हातारा नावाडी जाळं विणत होता. मी भीतभीत विचारलं, आज भरती किती वाजता? तो म्हणाला, "झाली की मघाशीच."

"पण पुस्तकात तर..." मी म्हणालो.

"पुस्तकात बघून पाणी येतं होय? बसा, पुढच्या भरतीला या आता," असं म्हणून तो हसला, आणि मला इतकं हलकं वाटलं की त्याचे पाय धरावेत. जाणत्यांना पुस्तक लागतच नव्हतं! मग मी बंदराच्या तोंडाकडे पाहिलं. बाहेरगावची एक हिरवी नाव वाळूच्या दांड्यावर रुतून कलली होती, आणि पाणी तिच्याभोवतीनं निघून चाललं होतं. नावेत एक माणूस आणि सात-आठ वर्षांची मुलगी. त्याच्या हातात निळं पुस्तक. तो पान बघे, मग मनगटावरचं घड्याळ बघे. शेवटी त्याने घड्याळ काढून कानाला लावलं, चालतंय का ते ऐकायला. पुस्तकावर त्याने शंका घेतली नाही. मी तिथं संध्याकाळपर्यंत उभा राहिलो. मुलगी पाय खाली सोडून बसली होती. हाक ऐकू जाईल एवढंच अंतर होतं. शेवटची बस सुटायच्या वेळी मी निघालो, तेव्हा पाणी परत चढू लागलं होतं. हवा शांत होती. नाव उठली असणारच. पण मी पाहिलेलं नाही. अडतीस वर्षं मी ती नाव उचलतो आहे.

आज दुपारी जेवायला सूनबाई आणि मी दोघंच होतो. बायको पोहायच्या वर्गाला गेली होती. अडुसष्टाव्या वर्षी तिनं हे सुरू केलं आहे आणि मला 'काठावरचे' म्हणते. चिरंजीव कामावर. सूनबाई आणि मी एकमेकांशी फार बोलत नाही. दोघंही लाजरी, मिठाची बाटली पुढे सरकवणं हा आमच्यातला मोठा संवाद. ती ब्राउझर बनवणाऱ्यांच्यात काम करते, त्यातली भोकं शोधून बुजवण्याचं, हे मला माहीत होतं. बायको त्याला 'आभाळाला ठिगळं लावायची नोकरी' म्हणते. त्यापलीकडे मी कधी विचारलं नव्हतं. विचारलेलं मूर्खपणाचं ठरेल, ही भीती. आज पाव तोडता तोडता मी एकदम म्हणालो, "सकाळी चहा घेऊन आलो होतो. ऐकू आलं."

"तरीच म्हटलं, आज चहा कुठे अडला!" ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "बाबा, काय झालं?"

"ती ओळ... तुझी, असं तू म्हणालीस. कुणी पकडलं होतं का तुला?"

"छे. आमच्याकडे चुकीबद्दलच्या अहवालात माणसाचं नाव लिहायचंच नाही असा रिवाज आहे. चूक कशी झाली ते लिहायचं, कुणी केली ते नाही."

"मग कशाला सांगितलंस?"

तिला प्रश्नच कळला नाही, असं मला वाटलं. तिनं चमचा थांबवून विचार केला. "कारण ती लिहिताना माझ्या डोक्यात काय होतं ते मलाच ठाऊक. मी बोलले नसते तर मुंगीचे तीन तास ते शोधण्यात गेले असते." मुंगी हा तिच्या कचेरीतला एक जण, सतत कुठंतरी उकरत असतो म्हणून ते नाव.

मी पाव खाली ठेवला. अडतीस वर्षं मी समजत होतो की चूक कबूल करणं म्हणजे स्वतःला शिक्षेसाठी पुढे करणं. त्यात दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं काही असू शकतं, हे माझ्या मनाला शिवलंही नव्हतं.

मग ती सांगत गेली आणि मी ऐकत गेलो. मधूनमधून मी "हं" म्हणत होतो, जुन्या सवयीने. ब्राउझर म्हणजे जणू एक प्रचंड धर्मशाळा, ती म्हणाली. तुम्ही एखादं पान उघडलं की त्याला एक खोली मिळते, पान मिटलं की खोली रिकामी करून किल्ली परत. एका सेकंदात लाखो वेळा हे चालतं. तिच्या त्या ओळीने एका ठिकाणी किल्लीची नक्कल खिशात राहू दिली. खोली दुसऱ्याला गेली, आणि नक्कल असलेला तिथं शिरू शकतो; तुमचं पत्र वाचू शकतो, तुमच्या नावानं बोलू शकतो. चार वर्षं हे भोक तिथं होतं आणि कुणाला दिसलं नाही. मुंगीनं एक यंत्र लावलं आहे, ते ब्राउझरला रात्रंदिवस वेडीवाकडी, अर्धवट, कसलाही अर्थ नसलेली पानं खायला घालतं. कोट्यवधी पानं. चार आठवड्यांपूर्वी त्यातल्या एका निरर्थक पानावर ब्राउझर ठेचकाळला. दोन दिवसांत दुरुस्ती लिहून झाली. दीड ओळ.

"दीड?"

"एक अख्खी नवी, आणि एक अर्धी खोडली."

ती दीड ओळ आधी शंभरातल्या एका माणसाकडे गेली. काही बिघडत नाही ना पाहिलं. मग दहाकडे. मग सगळ्यांकडे, कोट्यवधी यंत्रांत, कुणी दार न वाजवता. मी डोळे मिटले. मला ती जाताना दिसली, अगदी तशीच, जसं पाणी चढताना आधी एक पातळ कड वाळूवरून सरकते, मग मागची, आणि बघता बघता खाडीच्या शेवटच्या बोळात ओल पोचते. कुठल्या दवाखान्यातली परिचारिका, कुठली तिकिटं काढणारी बाई, परीक्षेचा निकाल बघणारं पोर. कुणालाच ठाऊक नाही की त्यांच्या खोलीच्या दाराला कोणीतरी नवा अडसर लावून गेलं. आणि तो लावणारी इथं माझ्यासमोर सफरचंद चिरते आहे. मी इतका भारावलो की समोरचा पाण्याचा पेला उचलून एका दमात संपवला.

"आणि सगळ्यांना हे सांगता का तुम्ही? भोक होतं म्हणून?"

"लगेच नाही. तोच तर अवघड भाग आहे." ती पुढे झुकली, तिला असं बोलताना मी प्रथमच पाहत होतो. "ठिगळ बघितलं की फाटलेलं कुठं होतं ते कळतं ना? नवी ओळ वाचून वाईट माणूस बरोबर भोक ओळखतो. म्हणून दुरुस्ती गुपचूप पाठवायची, वर नुसतं 'किरकोळ साफसफाई' लिहायचं, आणि तपशिलाला कुलूप. बहुतेकांकडे पोचली की मग कुलूप काढायचं आणि सगळं जगासमोर मांडायचं. आज चार वाजता काढतोय."

"म्हणजे तुम्हीसुद्धा गप्प बसता."

"बसतो. पण हात चालू असतात, बाबा. आणि कधी बोलायचं ते ठरलेलं असतं."

तिनं चिरलेली सफरचंदाची एक फोड मी उचलली. मग विचारलं, "आणि ज्यानं ते ठिगळ घेतलंच नाही तो?"

"चारनंतर तोच त्या वाईट माणसाच्या तावडीत सापडणार. बंद करून पुन्हा उघडलं की लागतं हो, पण लोक 'नंतर' दाबतात."

"माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल खूण येते," मी म्हणालो. "पुन्हा सुरू करा म्हणून."

तिची सुरी थांबली. "कधीपासून?"

"एकोणीस दिवस."

"बाबा!" ती ओरडली, आणि मग तिला हसूच फुटलं. "जगभर पाठवलं, आणि माझ्याच घरात, पलीकडच्या खोलीत... ठिगळ एकोणीस दिवस तुमच्या दारात उभं आहे आणि तुम्ही कडी काढत नाही! का?"

का, ते सांगायची मला लाज वाटली. माझ्या ब्राउझरमध्ये एकशे बारा पानं उघडी आहेत. मिटलेलं पान परत सापडणार नाही, अशी मला भीती असते. म्हणून मी काहीच मिटत नाही. पण ते सांगण्याऐवजी माझ्या तोंडून दुसरंच निघालं. तेविसावं बंदर. अठरा तारीख. सात महिने. घडी घातलेला कागद. हिरवी नाव, आणि कानाला लावलेलं घड्याळ. मी टेबलावरच्या पावाच्या चुऱ्याकडे बघत सगळं बोललो. आता ती म्हणेल, जाऊ द्या हो, किती जुनी गोष्ट. तसं तिनं म्हटलं असतं तर मी पुन्हा कधी बोललो नसतो.

ती म्हणाली, "सुटली कशी?"

"काय?"

"ओळ. तुमची पद्धत तर चांगली होती, दोन माणसांची. मग सुटली कशी?"

अडतीस वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. मी फक्त 'मी कसा माणूस आहे' हे विचारत राहिलो होतो. "त्या दिवशी ती नव्हती," मी हळूहळू म्हणालो. "मीच वाचलं आणि मीच बघितलं."

"हं," सूनबाई म्हणाली. अगदी आमच्या छापखान्यातल्यासारखं. मग थोड्या वेळानं : "सासूबाईंना माहीत आहे?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग त्यांच्या बाजूची अर्धी गोष्ट तुम्हाला कशी कळणार?" एवढं बोलून ती ताटं उचलून गेली, आणि मला वाटतं तिचे कान लाल झाले होते. एवढं आम्ही कधीच बोललो नव्हतो.

साडेतीन वाजता ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मी बाण त्या लाल खुणेवर नेला. "परत येतील?"

"येतील."

"सगळी?"

"बाबा, दाबा."

मी दाबलं. एकशे बारा पानं एका क्षणात विझली. पडदा नुसता राखाडी झाला आणि त्यात माझा चेहरा दिसला, मागे तिचा. मला खरोखर वाटलं, संपलं. मग एकेक करून ती परत येऊ लागली. जिथं वाचत थांबलो होतो त्याच ओळीवर, जणू कुणी बोट ठेवून धरलं होतं. एकच आलं नाही. 'हे पान आता इथे नाही,' एवढंच तिथं होतं. ते कोणतं होतं, हे मला काही केल्या आठवेना.

बायको आली ती ओल्या केसांना पंचा गुंडाळून. "काय हो काठावरचे, चहा झाला का?" मी काही न बोलता कपाटातून ते निळं पुस्तक काढलं, त्यातला घडीचा कागद काढला, आणि तो तिच्यापुढे ठेवला. पेन्सिलीला टोक केलं. "वाचतेस?" मी म्हणालो.

तिनं कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "इतक्या वर्षांनी? आवाज बसलाय माझा." पण चष्मा लावलाच. खुर्ची समोर ओढली, पूर्वी बसायची तशीच, किंचित तिरकी. आणि वाचू लागली, आणि तो आवाज बसलेला नव्हता.

"सोळा. आठ अठरा."

"हं."

"सतरा. नऊ सहा."

"हं."

"अठरा. नऊ पंचावन्न."

माझ्या पेन्सिलीखाली दहा चव्वेचाळीस होते. पलीकडच्या खोलीत सूनबाई कुणाला तरी म्हणाली, "चार वाजले, काढतेय कुलूप."

"थांब," मी म्हणालो.

बायकोनं चष्म्यावरून पाहिलं. पंच्यातून एक थेंब कागदाच्या कडेवर पडला. तिनं पुस्तक आपल्याकडे वळवलं, बोट ओळीवरून खाली नेलं, पंचवीसपर्यंत, आणि परत वर आणलं. ती माझ्यापेक्षा नेहमीच चपळ होती.

"हे पान मी वाचलेलं नाही," ती म्हणाली. "मला आठवतंय. तुम्ही मला घरी पाठवलं होतंत."

"हो. ती ओळ माझीच. मी सोडली. आणि मला कळलं होतं, आधीच. सात महिने आधी."

मी नावेचं सांगितलं. घड्याळाचं सांगितलं, बसचंही. ती ऐकत असताना तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही, पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होतो.

"म्हणजे वीस तारखेला तुम्ही तिथं होतात," ती अखेर म्हणाली. "आणि मी घरी, तुम्ही उपाशी आहात का म्हणून जेवायची थांबलेली." तिचा आवाज जरा कापला. "एवढं एकट्यानं वाचलंत आणि एकट्यानंच बघितलंत. मालकांची पाटी काय भिंत झाकायला होती?"

तिनं डोळे पुसले, पंच्यानेच, आणि कागद पुन्हा उजेडात धरला. मी 'दहा चव्वेचाळीस' वर आडवी रेघ मारली, बाजूला 'नऊ पंचावन्न' लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"लिहिलंत?"

"लिहिलं."

"एकोणीस," ती म्हणाली, आणि माझी पेन्सिल खालच्या ओळीवर पोचेपर्यंत थांबली.